कोयनेतले शंख आणि धरणाचं पाणी: नमुने कुठून घ्यायचे, निष्कर्ष कसा काढायचा

प्रश्न असा आहे: "मी कराडला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. प्रकल्पासाठी कोयना नदीतल्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायी निवडल्या आहेत. धरणाच्या खाली हेळवाकजवळ फारच थोड्या मिळाल्या, पाटण-मूळगावला बऱ्याच, आणि कराडजवळ तर ढीगभर. विविधतेचा शॅनन निर्देशांक काढला तर हेळवाक सोडून सगळीकडे जवळपास सारखा येतो. मग धरणाचा परिणाम पहिल्या काही किलोमीटरपुरताच आहे असं लिहू का? वर शिवसागरातूनही नमुने घ्यावे लागतील का?"

नाही, असं लिहू नका. तुमचे आकडे बरोबर असतील, पण त्यातून हा निष्कर्ष निघत नाही. किती शंख मिळाले यापेक्षा कोणते मिळाले आणि काठाच्या कोणत्या पट्ट्यात मिळाले, यात धरणाचा परिणाम जास्त दिसतो. हेळवाकला तुमचा ट्रे रिकामा राहिला आणि कराडला भरला, यामागे तीन-चार कारणं एकमेकांत मिसळलेली आहेत. ती सुटी केल्याशिवाय धरणाच्या खात्यावर काय मांडायचं आणि सांडपाण्याच्या खात्यावर काय, हे ठरणार नाही.

आधी पाण्याचा हिशेब समजून घ्या, कारण कोयनेचा हिशेब इतर नद्यांसारखा नाही. शिवसागराची, म्हणजे धरणामागच्या जलाशयाची, क्षमता सुमारे १०५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). त्यातलं वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडच्या वीजनिर्मितीसाठी ठरवून दिलं आहे. ते पोफळीच्या बाजूने सह्याद्री उतरतं आणि कोकणातल्या वाशिष्ठी नदीला मिळतं. पाटणच्या पुलाखालून ते पाणी जातच नाही. पूर्वेला मूळ पात्रात पाणी येतं ते पायथा वीजगृहातून, जास्त मागणी असेल तर विमोचक दरवाजातून, आणि पावसाळ्यात धरण भरत आलं की सहा वक्र दरवाजांतून. पायथ्याला २० मेगावॅटचे दोन संच आहेत. एक संच चालला की १,०५० क्युसेक (सेकंदाला घनफूट), दोन्ही चालले की २,१०० क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेएकोणसाठ हजार लिटर. तुम्ही पात्रात उभ्या असता तेव्हा एक संच चालू आहे की दोन, की दोन्ही बंद आहेत, यावर तुमचा त्या दिवसाचा 'काठ' कुठे आहे ते ठरतं. तुमच्या वहीत नमुन्याची तारीख आहे, वेळ आहे, पण त्या वेळचा विसर्ग नसेल तर तो नमुना अर्धाच आहे.

दुसरी गोष्ट ऋतूंची. धरण नसतं तर एप्रिल-मेमध्ये कोयना आकसली असती: खोल डोह, डोहांना जोडणारी बारीक धार, मधे तापलेले कातळ. सह्याद्रीतल्या नदीतले शंख या चक्राला सरावलेले असतात. उन्हाळ्यात डोहात गोळा व्हायचं, पहिल्या पुरात खडकाच्या आडोशाला चिकटून राहायचं, पाणी निवळलं की पुन्हा पसरायचं. आता त्याच एप्रिल-मेमध्ये खाली सांगलीपर्यंतच्या शेतीला, टेंभू, ताकारी, म्हैसाळसारख्या उपसा योजनांना पाणी द्यायचं म्हणून विसर्ग सुरू असतो. आणि जून-जुलैत, जेव्हा नदीला पहिले लोंढे यायला हवेत, तेव्हा धरण पाणी अडवून भरत असतं. उन्हाळ्यात भरलेलं पात्र आणि पावसाळ्याच्या तोंडावर रोडावलेलं, असा हा उलटा क्रम आहे. त्यानंतर ऑगस्टमध्ये कधीतरी दरवाजे उघडतात आणि २००५, २०१९, २०२१ सारख्या वर्षी काठावरची शेतंही पाण्याखाली जातात.

आता हेळवाककडे वळू. तिथे शंख कमी का, याचं पहिलं उत्तर तळात आहे. धरणाच्या मागे गाळ आणि वाळू अडते, खाली येतं ते जवळजवळ गाळाविना पाणी. ते वेगाने जाताना पात्रातली उरलीसुरली वाळू, बारीक खडी, चिखल घेऊन जातं, पण त्या जागी भरायला वरून नवीन काही येत नाही. बरीच वर्षं हे चाललं की तळाला मोठे धोंडे आणि उघडा कातळ राहतो. बेल्लामाया ही गोगलगाय (हल्ली काहीजण तिला फिलोपॅलुडिना म्हणतात) मऊ तळावर राहते, चिखलातलं कुजकं सेंद्रिय खाते आणि पाण्यात तरंगणारे कणही गाळून घेते. मेलानॉइडिस ही दुसरी गोगलगाय दिवसा वाळूत स्वतःला पुरून घेते, रात्री वर येते. वाळूच नसेल तर या दोघींनी राहायचं कुठे? हेळवाकला त्या न मिळणं हे पाणी विषारी असल्याचं लक्षण नाही. पाटणला केरा मिळते, पुढे मोरणा, अनेक ओढे मिळतात, ते वाळू आणि माती घेऊन येतात, आणि तळ परत मऊ होत जातो. मूळगावला तुम्हाला बेल्लामाया दिसू लागली ती त्यामुळे. हे श्रेय उपनद्यांचं आहे. धरणाचा परिणाम तिथे संपला असा त्याचा अर्थ नाही.

दुसरं कारण तापमान. पायथा वीजगृहाला जाणारं पाणी जलाशयाच्या पृष्ठभागावरचं नसतं. खोल जलाशयात उन्हाळ्यात वरचा थर तापतो आणि खालचा थंड राहतो. खालच्या थरात प्राणवायूही कमी होतो. असं पाणी उन्हाळ्यात पात्रात आलं की शंखांची वाढ आणि वीण मंदावते. टर्बाइनमधून आणि खडकांवरून आपटत गेल्यावर प्राणवायू लवकर भरून निघतो, तापमान मात्र हळूहळू चढतं. त्यामुळे नुसता प्राणवायू मोजून "पाणी उत्तम" असं लिहू नका. थर्मामीटर पाण्यात धरून पहाटे आणि दुपारी, दोन्ही वेळा मोजा, आणि त्याच दिवशी केरेचंही मोजा. दोन्हीतली तफावत हाच तुमचा खरा आकडा.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ते हमखास सुटतं. पाण्याची रोजची चढउतार. दोन संच चालू असताना जो काठ पाण्याखाली असतो, तो एक संच बंद झाला की उघडा पडतो. माशाला पाण्याबरोबर सरकता येतं, शंखाला तेवढा वेग नसतो.

हे बघायला एक काम करा. विसर्ग कमी केल्यानंतर काही तासांनी, खाली जाणं सुरक्षित आहे याची खात्री करून, धोंड्यांच्या पसरट काठावर बसा आणि पाण्याच्या आजच्या रेषेपासून वरच्या ओल्या डागापर्यंतचा पट्टा नीट पाहा. डाग स्पष्ट असतो: त्याच्या खाली दगडांवर शेवाळाचा थर, वर नुसता कोरडा राखाडी दगड. मधल्या पट्ट्यातला एक दगड उचला. वरच्या बाजूचं शेवाळ वाळून पापुद्रे सुटलेले असतील, नखाने सहज निघतील. त्यात बोटभर लांबीचा, काचेसारखा चकाकणारा पातळ थर दिसला तर भिंगाखाली घ्या. ती लिम्निया या गोगलगायीची अंडी असू शकतात. ओली असताना जेलीसारखी फुगीर असतात, एका उन्हात वाळून दगडाला चिकटून जातात, आतले ठिपके म्हणजे अंडी. आता दगड उलटा करा. खालच्या बाजूला, जिथे सावली आणि थोडी ओल राहते, तिथे काळपट, गुबगुबीत, जाड कवचाचे शंख झाकण घट्ट लावून बसलेले दिसले तर तो पॅलुडोमस हा शंख. झाकण म्हणजे पायाच्या मागच्या भागावर असलेली शिंगासारखी चकती. शंख आत गेला की तीच दार बंद करते आणि ओल काही काळ टिकवते. त्याच पट्ट्यात झाकण नसलेले फुप्फुसवाले (वर येऊन हवा घेणारे) शंख असतील तर ते एकतर भेगेत शिरलेले किंवा मेलेले. आता आजच्या रेषेच्या खाली, गुडघाभर पाण्यातला तसाच दगड उचला आणि मोजा. दोन्हीतला फरक तुमच्या प्रकल्पाचा गाभा आहे.

तुम्ही नमुने घेतले ते काठाच्या उथळ पाण्यातून, असं तुमच्या प्रश्नावरून वाटतं. हेळवाकला तुम्ही जिथे मोजणीची चौकट ठेवली तो भाग आदल्या दिवशी कोरडा होता का? असेल, तर तुम्ही शंखांचं घर मोजलं नाही, त्यांना कधीतरीच वापरता येणारी जागा मोजली. सगळी संख्या तिथेच बदलते. म्हणून प्रत्येक ठिकाणी तीन पट्टे करा: रोज उघडा-बुडणारा, कायम बुडालेला उथळ, आणि डोहाचा काठ. प्रत्येक पट्ट्यात २५ × २५ सेंटिमीटरच्या किमान पाच-सहा चौकटी. मऊ तळ असेल तर हाताने वेचून भागत नाही. वरचा काही सेंटिमीटर चिखल-वाळू घेऊन बारीक चाळणीतून धुवा, नाहीतर मेलानॉइडिसची पिल्लं आणि बिथिनियासारखे छोटे शंख सुटतात. पसरट खडीचा काठ आणि उभ्या खडकाचा काठ वेगवेगळे नोंदवा. पाणी एक फूट उतरलं तर उभ्या खडकावर शंखाला फूटभरच खाली जायचं असतं. पसरट खडीवर तेच अंतर कित्येक मीटर होतं आणि तिथे ते अडकून मरतात.

पायला या गोगलगायीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. ती पाण्यात राहत असली तरी अंडी घालते काठाच्या ओल्या मातीत, पाण्याच्या रेषेच्या वर. नैसर्गिक नदीत पावसाळ्यातही पाणी चढतं-उतरतं, पण दरवाजे उघडल्यावर येणारी चढ फार लवकर आणि फार उंच असते. अशा वेळी काठच्या खळग्यांत घातलेली अंडी बुडतात. पात्रात पायला दिसली की काठही पाहायचा, हे विसरू नका.

आता तुमच्या निर्देशांकाचा प्रश्न. शॅनन निर्देशांकाला जातीचं नाव कळत नाही. किती जाती आणि प्रत्येकीचं प्रमाण किती, एवढंच तो पाहतो. समजा एका ठिकाणी पाच जाती आहेत आणि प्रत्येकीचे वीस-वीस शंख. दुसऱ्या ठिकाणीही पाच जाती, वीस-वीस शंख. दोन्हीकडे आकडा १.६१ येणार. पण पहिल्या ठिकाणी पॅलुडोमस, दोन प्रकारच्या थिआरा, बेल्लामाया आणि बिथिनिया असतील, आणि दुसऱ्या ठिकाणी लिम्निया, इंडोप्लॅनॉर्बिस, जायरॉलस, फायसा आणि मेलानॉइडिस. या दोन पूर्णपणे वेगळ्या नद्या आहेत. पहिलीत झाकणवाले, कल्ल्याने श्वास घेणारे शंख आहेत. त्यांना पाण्यातला प्राणवायू लागतो, ते हळू वाढतात, पिल्लं कमी देतात. दुसरीत मुख्यतः फुप्फुसवाले आहेत. ते वर येऊन हवा घेतात, पाण्यात प्राणवायू कमी असला तरी तगतात, जेलीत भरपूर अंडी घालतात आणि मोकळी झालेली जागा पटकन भरून काढतात. म्हणून तक्ता करताना आधी हे दोन गट वेगळे करा. प्रत्येक ठिकाणी एकूण जिवंत शंखांपैकी कल्लेवाले किती टक्के, एवढा एक आकडा निर्देशांकापेक्षा जास्त बोलेल.

यातही मेलानॉइडिस आणि थिआरा यांना नीट वेगळं वाचा. त्या कल्लेवाल्या आहेत, पण मादी बहुतेक वेळा नराशिवायच पिल्लं देते आणि ती पिल्लं आपल्या डोक्यामागे, मानेतल्या पिशवीत वाढवते. एक मादी नव्या जागी पोचली तरी वसाहत उभी राहते. त्यामुळे त्या जिथे-तिथे मिळाल्या म्हणजे पाणी चांगलं, असं होत नाही. पाणी चांगलं असल्याची माझी पहिली खूण पॅलुडोमस आहे. वाहत्या, स्वच्छ, खडकाळ पाण्याशिवाय तो टिकत नाही. बेल्लामायाही पिल्लांना पोटात वाढवते, पण तिला नर लागतो. नराचा उजवा स्पर्शक आखूड आणि जाडसर असतो. भिंगाने सहज ओळखता येतं. पन्नासेक शंखांत नर-मादी आणि लहान-मोठे मोजले तर तिथे वीण होतेय की नुसते म्हातारे शंख उरलेत, तेही कळतं.

कराडचा ढीग. कराडपर्यंत येताना कोयना कितीतरी गावांचं सांडपाणी आणि उसाच्या शेतातून उतरणारं पाणी घेऊन येते. त्यात खतं असतात. उन्हाळ्यातलं संथ पाणी, काठाला पाणवनस्पती आणि शेवाळ, वर ऊन. एवढं मिळालं की बेल्लामाया आणि फुप्फुसवाले शंख फोफावतात. तुमच्या कराडच्या ट्रेमध्ये फायसा किती आहेत ते बघा. ओळख सोपी आहे: टोक वर आणि तोंड स्वतःकडे करून शंख धरला तर आपल्याकडच्या बहुतेक उंच शंखांचं तोंड उजव्या हाताला येतं, फायसाचं डाव्या हाताला. ती मूळची उत्तर अमेरिकेतली, मत्स्यालयातल्या वनस्पतींबरोबर जगभर पसरलेली, नाल्याच्या पाण्यातही मजेत राहणारी. ती भरपूर मिळाली तर कराडची गर्दी धरणाबद्दल फारसं काही सांगत नाही, गटारांबद्दल सांगते. प्रीतिसंगमावर तुम्हाला एक चांगली सोय आहे: कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोरून येऊन भिडतात. दोन्ही नद्यांत, संगमाच्या पुरेसं वर, सारख्या तळावर नमुने घ्या. एक सावधगिरी मात्र ठेवा. कृष्णेवर वाईजवळ धोम धरण आहे आणि कराडच्या अगदी वर खोडशीचा जुना बंधारा, त्यामुळे कृष्णेला 'मोकळी नदी' समजू नका. बंधाऱ्याच्या फुगवट्यात चौकट ठेवलीत तर तुम्ही नदीऐवजी तळं मोजाल.

मग धरणाचा परिणाम मोजायला तुलना कशाशी करायची? धरण १९६० च्या दशकात उभं राहिलं. त्याआधीची शंखांची यादी हाताशी नसताना 'आधी-नंतर' करता येत नाही. उपाय म्हणजे उपनद्या. केरा, किंवा तिला मिळणारा चांगला वाहता ओढा, यांच्यात तोच कातळ, तोच पाऊस, जवळपास तेच क्षारांचं प्रमाण आहे, पण पाण्याची रोजची कृत्रिम चढउतार नाही. एवढंच बघा की निवडलेल्या तुकड्याच्या वर धरण किंवा पाझर तलाव नसावा. मोरणेवर गुरेघरला, वांगेवर मराठवाडीला धरण आहे, तसे लहान प्रकल्प बऱ्याच ओढ्यांवर आहेत. तालुक्याचा नकाशा घेऊन आधी ते खुणावून ठेवा. नदी मोठी आणि ओढा लहान हा फरक राहणारच, म्हणून तळ, खोली आणि उतार जुळवून जोड्या लावा आणि त्याच आठवड्यात दोन्हीकडे जा.

उपनद्यांकडे पाहायचं दुसरं कारण याहून मोठं आहे. मोकळ्या नदीत पुरानंतर रिकामी झालेली जागा वरून वाहून आलेल्या शंखांनी भरून निघते. कोयनेत वरचा मार्ग बंद आहे. महाबळेश्वरकडून येणारी कोयना, तिला मिळणाऱ्या सोळशी आणि कांदाटी, यांच्यातला पॅलुडोमस खाली येऊन शिवसागराच्या संथ पाण्यात पोचला की त्याचा प्रवास तिथेच थांबतो. धरणाखालच्या पात्रात नवे शंख येऊ शकतात ते फक्त बाजूच्या ओढ्यांतून. म्हणजे खालची नदी जगायची तर हे ओढे जगले पाहिजेत. ओढ्याच्या तोंडाशी वाळू उपसली, रस्त्याच्या कामाचा राडारोडा टाकला, किंवा तोंडावरच बंधारा घातला, तर नुकसान त्या ओढ्यापुरतं राहत नाही. तुमच्या प्रकल्पात एखादा संगम असा निवडा: ओढ्यात आत, संगमाच्या किंचित वर नदीत, आणि किंचित खाली नदीत. संगमाखाली पॅलुडोमस असेल आणि वर नसेल, तर ही गोष्ट तुमच्या तक्त्यातूनच दिसेल, वेगळी पटवून द्यावी लागणार नाही.

शिवसागरातून नमुने घ्यावेत का? घेतलेत तर उत्तम, पण नदीच्या नमुन्यांच्या तक्त्यात घालू नका, तो वेगळा अधिवास आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरला भरलेला जलाशय मेअखेरपर्यंत कितीतरी मीटर खाली उतरतो आणि काठाला उघड्या मातीचा रुंद पट्टा पडतो. तिथे पाणवनस्पती रुजत नाहीत, म्हणून पानांवर राहणारे शंखही फार टिकत नाहीत. तापोळा-बामणोलीकडच्या गाळ साचलेल्या खाड्यांमध्ये बेल्लामाया शोधा. कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय एकही शंख उचलू नका. धरणाचा आणि वीजगृहांचा परिसर प्रतिबंधित आहे, तिथे जाऊच नका. महाबळेश्वरच्या बाजूला गेलात तर धबधब्याच्या ओल्या कड्यांवर क्रेम्नोकॉन्कस वंशाचे मटारएवढे शंख दिसू शकतात. समुद्रकिनाऱ्याच्या खडकांवरच्या शंखांच्या कुळातला, गोड्या पाण्यात राहणारा हा एकमेव वंश आणि तो फक्त आपल्या सह्याद्रीत आहे. डोळ्यांनी बघा, फोटो काढा, उचलू नका.

रिकामे शंख मोजणीत धरू नका. ते हलके असतात, पुरात मैलोगणती वाहून येतात. आत प्राणी आहे किंवा झाकण जागेवर आहे तेवढेच मोजा. एका ठिकाणी मात्र रिकाम्या शंखांचा उपयोग आहे. पावसाने किंवा पुराने नदीच्या गाळाचा काठ उभा कापला गेला असेल तर त्या थरांकडे लक्ष द्या. जुन्या गाळात पुरलेले शंख मिळाले, आणि त्यात आज त्या जागी न मिळणाऱ्या जाती असल्या, तर धरणाआधीच्या नदीची ती छोटीशी नोंद आहे. वरून किती खोलीवर मिळाले ते मोजून, फोटो काढून ठेवा. त्यावरून वर्ष ठरवता येणार नाही, तसं लिहूही नका. जात तिथे होती एवढंच लिहा.

या अभ्यासाचा गावाला काय उपयोग, असं तुम्हाला कुणीतरी विचारेलच. उत्तर गोठ्यात आहे. लिम्नियामधून गाई-म्हशींचा यकृतकृमी पसरतो. जबड्याखाली पाणी साचलेली, खंगत जाणारी जनावरं पशुवैद्यकांना नदीकाठच्या गावांत परिचित आहेत. इंडोप्लॅनॉर्बिस आणि जायरॉलसमधून पोटातले चपटे कृमी, आणि इंडोप्लॅनॉर्बिसमधून जनावरांच्या नाकातले व आतड्याच्या शिरांतले रक्तकृमी. या रक्तकृमींच्या अळ्या माणसाच्या कातडीत शिरू पाहतात, तिथे वाढत नाहीत, पण खाज आणि पुरळ येतं, म्हणून गमबूट घालूनच पाण्यात उतरा. बारमाही संथ पाणी, कालव्याच्या कडेचं गवत, जलपर्णीचे झुपके, जनावरं पाण्यावर आणायची ठरलेली जागा: फुप्फुसवाल्या शंखांना याहून सोयीचं काही नाही. म्हणून तुमच्या नोंदीत जनावरं उतरण्याच्या जागा स्वतंत्र दाखवा.

इथे एक कळकळीची विनंती. असं काही सांगितलं की कुणीतरी पाण्यात मोरचूद टाकायला निघतो. करू देऊ नका. मोरचुदाने लिम्निया मरेल, पण पॅलुडोमस, बेल्लामाया, मासे आणि माशांचं खाद्यही मरेल. आणि रिकाम्या झालेल्या जागेवर पहिल्यांदा परत येणार लिम्निया आणि फायसाच, कारण त्यांचीच वीण वेगाची आहे. जनावरांना नदीऐवजी हौदावर पाणी पाजणं, काठचं गवत कापून थेट ओलं न घालता वाळवून घालणं, आणि कृमींचं औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळेवर देणं, याने काम होतं.

धरण नको होतं, असं माझं म्हणणं नाही. या पाण्यावर सांगलीपर्यंतची शेती आणि राज्यातल्या कितीतरी घरांचे दिवे चालतात. माझं मागणं साधं आहे: विसर्ग कमी करायचा असेल तेव्हा एकदम बंद न करता काही तासांत टप्प्याटप्प्याने उतरवावा, निदान एप्रिल-मेच्या दुपारी तरी, आणि संच बंद असतानाही पात्रात थोडं पाणी वाहतं ठेवावं. पाणी हळू उतरलं की शंखांना खाली सरकायला वेळ मिळतो. यात एकूण पाणी फारसं जास्त लागत नाही, वेळापत्रक बदलावं लागतं. तुमच्या तीन पट्ट्यांच्या मोजणीतून चढउतारीच्या पट्ट्यात किती मेलेले आणि किती जिवंत, हा आकडा निघाला, तर ही मागणी करायला पाटण तालुक्यातल्या कुणाच्याही हातात काहीतरी ठोस असेल. आज तो आकडा हाताशी नाही, म्हणून तुमचं काम मला इतकं महत्त्वाचं वाटतं.

वेळापत्रक असं ठेवा: नोव्हेंबर-डिसेंबर, फेब्रुवारी आणि मेचा पहिला पंधरवडा. पावसाळ्यात पात्रात उतरू नका. एरवीही निघण्याआधी धरणाच्या विसर्गाची त्या दिवशीची स्थिती विचारा, भोंगा ऐकू आला की ताबडतोब काठ सोडा, आणि एकटीने कधीच जाऊ नका. प्रत्येक जातीचे थोडेच नमुने ठेवा. आधी मेंथॉलचे खडे टाकलेल्या पाण्यात सैल होऊ द्या, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये, चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत. नावाबद्दल शंका असलेले नमुने पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे तिथे दाखवून घ्या. पॅलुडोमस आणि थिआरा फोटोंवरून ओळखू नका, त्यात हमखास गफलत होते.

पुढच्या वर्षी हातात वेळ राहिला तर शिराळा तालुक्यातली वारणा घ्या. चांदोलीच्या धरणाची क्षमता ३४.४० टीएमसी, तिथेही पायथ्याला वीजनिर्मिती आहे, पण तिथलं पाणी डोंगर ओलांडून पश्चिमेला जात नाही. ते आपल्याच खोऱ्यात, पात्रात आणि कालव्यांत राहतं. कोयना आणि वारणा दोन्हींच्या धरणाखालचे पहिले दहा किलोमीटर सारख्या पद्धतीने मोजलेत, तर नुकसान पाणी पळवल्यामुळे किती आणि पाण्याच्या चढउतारीमुळे किती, हे वेगळं करता येईल. त्यासाठी आत्ताच चौकटीचा आकार, चाळणी आणि पट्टे ठरवून टाका आणि दोन्ही नद्यांना तेच वापरा.